पत्र्याखालच्या घराचा हिशोब : मोजमापांवरून औष्णिक प्रतिमान

खार स्थानकाच्या पश्चिमेला, थेट अरबी समुद्राला टेकून वसलेला खारदांडा हा मुंबईच्या उपनगरांतील जुना कोळीवाडा आहे. येथील घरे एका नकाशावरून एकाच वेळी उभी राहिलेली नाहीत. तळमजल्याची खोली एका पिढीने बांधली, तिच्यावर पुढच्या पिढीने मजला चढवला, बाहेरून लोखंडी जिना लावला, कौले उतरवून सिमेंटचे पत्रे टाकले आणि मधल्या जागेत पोटमाळा काढला, अशा क्रमाने ती वाढत गेली. अशा घराची भिंत किती जाड आहे, तिच्या पोटात वीट आहे की सिमेंटचा ठोकळा, पत्र्याखाली प्लायवूड आहे की थर्माकोल, याची नोंद बहुधा कोठेही नसते. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची खोली असह्य का होते आणि ती थोड्या खर्चात सुसह्य करायची तर आधी हात कशाला घालावा, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे कागदपत्रांतून मिळत नाही; ते घराच्या आतील आणि बाहेरील तापमानाच्या नोंदींतून शोधावे लागते. या शोधाचे साधन म्हणजे औष्णिक प्रतिमान, अर्थात घरात उष्णता कोठून येते, कोठे साठते आणि कोठून निघून जाते हे मोजक्या आकड्यांत मांडणारा गणिती आराखडा.

प्रतिमान मांडण्याच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेने जाणारा अभियंता भिंती, छप्पर, खिडक्या यांची मापे आणि साहित्याचे गुणधर्म संगणकाला देतो आणि वर्षभराच्या हवामानावरून आतील तापमान काढतो. पवईच्या आयआयटी मुंबईतील जे. के. नायक आणि जे. ए. प्रजापती यांनी 2006 साली सिद्ध केलेल्या ऊर्जासजग इमारतींवरील हस्तपुस्तिकेत भारतातील निरनिराळ्या हवामान विभागांसाठी या पद्धतीचा तपशीलवार ऊहापोह आहे. नवी इमारत आखताना हीच वाट योग्य ठरते, कारण तेव्हा मापे हाताशी असतात आणि मोजण्यासाठी इमारत मात्र अजून उभी नसते. जुन्या घराची स्थिती बरोबर उलटी असते : मापे हरवलेली असतात, पण घर समोर उभे असते आणि दर तासाला स्वतःच्या वागण्याचा पुरावा देत असते. म्हणून दुसऱ्या वाटेने, म्हणजे व्यस्त पद्धतीने, मोजलेल्या तापमानांकडून मागे जात घराचे गुणधर्म काढले जातात.

तीन आकड्यांचे घर

घराच्या औष्णिक स्वभावाचे सर्वांत सोपे वर्णन तीन राशींत करता येते. पहिली राशी म्हणजे उष्णतावहन गुणांक : आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना भिंती, छप्पर आणि फटींतून जाणारी हवा यांच्या वाटे मिळून किती वॅट उष्णता वाहते, हे तो सांगतो. दुसरी राशी म्हणजे उष्णताधारकता : भिंती, जमीन आणि सामान यांच्यासह खोलीचे तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी किती उष्णता लागते, याचे ते माप आहे. तिसरी राशी म्हणजे आवक, ज्यात ऊन, माणसे, गॅसची शेगडी, फ्रिज आणि पंखे या सर्वांची उष्णता येते. पाण्याच्या टाकीचा रुंद तळ म्हणजे धारकता, तिच्या तोटीचा व्यास म्हणजे वहन आणि वरून पडणारी धार म्हणजे आवक, असे समजले तर टाकीतील पाण्याची पातळी म्हणजे खोलीचे तापमान ठरते.

धारकतेला वहन गुणांकाने भागले की कालांक मिळतो, आणि हा कालांक घराची चाल एका आकड्यात सांगतो : बाहेरची परिस्थिती अचानक बदलली तर मधली तफावत सुमारे 63 टक्के भरून निघायला जितका वेळ लागेल, तितका तो असतो. जाड विटांच्या भिंती असलेल्या खोलीचा कालांक पंधरा-वीस तासांचा असू शकतो, म्हणून दुपारी साठलेली उष्णता तिथे मध्यरात्रीपर्यंत जाणवत राहते. चारही बाजूंनी पत्रे ठोकलेल्या खोलीचा कालांक फार लहान असतो, म्हणून ती ऊन चढताच तापते आणि सूर्य कलताच निवते. कोणत्या खोलीत दुपारी राहावे आणि कोणत्या खोलीत रात्री झोपावे, हे कोळीवाड्यातील कुटुंबांना अनुभवाने ठाऊक असते. प्रतिमान त्या अनुभवाला माप देते.

छपराचा हिशोब

मुंबईचा अक्षांश सुमारे 19 अंश उत्तर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. या काळात उभ्या भिंतींवर ऊन तिरपे आणि थोडे पडते, पण आडव्या छपरावर त्याचा पूर्ण भार येतो; त्यातच दाटीने वसलेल्या गल्लीत भिंती एकमेकींवर सावली धरतात, तर छपरावर सावली धरणारे काहीच नसते. त्यामुळे येथील वरच्या मजल्याच्या बाबतीत आवकीचा विचार छपरापासूनच सुरू करावा लागतो.

छपरावर पडणारे ऊन आणि भोवतालची हवा यांचा एकत्रित परिणाम सांगण्यासाठी सूर्य-वायू तापमान ही कल्पना वापरतात. ऊन नसते आणि हवाच तितकी तापलेली असती तर छपरातून तेवढीच उष्णता आत आली असती, असे ते कल्पित तापमान होय. ते काढण्यासाठी उन्हाच्या तीव्रतेला पृष्ठभागाच्या शोषणांकाने गुणून पृष्ठभागावरून वाऱ्याकडे जाणाऱ्या उष्णतेच्या गुणांकाने भागतात आणि ती भर हवेच्या तापमानात मिळवतात. हवा 33 अंश सेल्सिअस, ऊन दर चौरस मीटरला 900 वॅट, मळकट सिमेंटच्या पत्र्याचा शोषणांक 0.7 आणि पृष्ठभागाचा गुणांक 20 धरला, तर उत्तर 64 अंशांच्या आसपास येते. तोच पत्रा पांढरा केला आणि शोषणांक 0.3 वर आणला, तर ते 46 ते 47 अंशांवर उतरते.

या हिशोबाचे वजन कळण्यासाठी उदाहरणादाखल वरच्या मजल्यावरची 12 चौरस मीटरची, म्हणजे साधारण 130 चौरस फुटांची, एक खोली घेता येईल. पातळ सिमेंटच्या पत्र्यातून एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे सुमारे 5 वॅट उष्णता वाहते असे धरले, तर सबंध छपराचे वहन 60 वॅट होते. उघडी भिंत आणि बंद खिडक्यांच्या फटी यांचे मिळून आणखी 40 वॅट धरले, तर खोलीचा वहन गुणांक अंशाला 100 वॅट ठरतो. मे महिन्यातील निरभ्र दिवशी छपरावर दर चौरस मीटरला साडेसहा युनिट ऊन पडते असे मानले, तर त्यातील सुमारे 14 युनिट उष्णता पत्र्यातून दिवसभरात खोलीत उतरते. स्वयंपाकाच्या गॅसशी तिची तुलना करता येते : 14.2 किलोचे सिलिंडर 45 दिवस पुरत असेल, तर त्यातून रोज सुमारे 4 युनिट उष्णता निघते. म्हणजे स्वयंपाक त्याच खोलीत होत असला, तरी डोक्यावरचा पत्रा शेगडीच्या तिप्पटीहून अधिक उष्णता आत ओततो.

दिवसाची सरासरी काढली तर पत्र्याची ही आवक सुमारे 570 वॅट होते आणि बंद खोलीचे सरासरी तापमान बाहेरच्यापेक्षा पावणेसहा अंशांनी वर राहते. खिडक्या उघडून खोलीतील हवा तासाला दहाएक वेळा बदलू दिली, तर वहन गुणांक दुपटीवर जातो आणि ही वाढ पावणेतीन अंशांवर येते. पत्रा पांढरा करून खिडक्या बंद ठेवल्या तर वाढ अडीच अंशांच्या आसपास राहते, आणि दोन्ही उपाय एकत्र केले तर ती सव्वा अंशाजवळ येते. रात्री छपरातून आकाशाकडे जाणारी उष्णता या ढोबळ हिशोबात धरलेली नाही; विदर्भाच्या कोरड्या हवेत तिचा वाटा मोठा असतो, किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो कमी असतो, तरी शून्य नसतो. म्हणूनच असे गणित कागदावर थांबवून चालत नाही आणि प्रत्यक्ष घराच्या मोजमापांशी त्याची गाठ घालून द्यावी लागते.

मोजमाप कसे करावे

मोजमापासाठी लागणारी साधने थोडी आहेत : दर दहा-पंधरा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारे तीन-चार नोंदक आणि विजेच्या मीटरचे वाचन. स्वस्त संवेदकांत अर्ध्या अंशाची चूक सहज असू शकते, म्हणून कामाला लावण्यापूर्वी सर्व नोंदक एक दिवस एकाच जागी, एकमेकांना खेटून ठेवावेत आणि त्यांच्यातील कायमचा फरक टिपून पुढील आकड्यांतून वजा करावा. समुद्राच्या खाऱ्या, ओलसर वाऱ्यात संवेदकांच्या धातूच्या जोडण्या गंजतात आणि आर्द्रतेची वाचने हळूहळू सरकतात. खारदांड्यासारख्या ठिकाणी ही तपासणी मोजमाप संपल्यावर पुन्हा करणे त्यामुळे गरजेचे असते.

आतला नोंदक बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून मीटरभर वर, ऊन, शेगडी आणि फ्रिजची पाठ यांच्यापासून दूर ठेवावा. दुसरा नोंदक पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवावा. तिसरा बाहेर सावलीत, पण त्याच गल्लीत असावा, कारण भारतीय हवामानशास्त्र विभागाची सांताक्रूझ वेधशाळा काही किलोमीटरच अंतरावर असली, तरी विमानतळाच्या मोकळ्या जागेतील हवा आणि दोन हात रुंदीच्या, वातानुकूलन यंत्रांचा गरम झोत सोसणाऱ्या गल्लीतील हवा एक नसते. कोळीवाड्यात घराची भिंत बहुधा शेजारच्या घराचीही भिंत असते. शेजारी वातानुकूलन यंत्र चालू असेल तर ती भिंत थंड राहते आणि ते श्रेय चुकून आपल्या घराच्या पदरात पडते. शक्य असल्यास शेजाऱ्यांच्या संमतीने चौथा नोंदक त्यांच्या खोलीत ठेवणे म्हणूनच फायद्याचे असते.

याबरोबर एक साधी वही लागते. खिडकी कधी उघडली, पंखा कधी लावला, घरात किती माणसे होती आणि कुलूप कधी होते, एवढ्या नोंदी नसतील तर पुढे आलेखातील चढउतारांचा अर्थ लागत नाही. घर केव्हा रिकामे असते हेही अशा नोंदींतून उघड होते, म्हणून त्या कुटुंबाच्या मालकीच्या मानाव्यात आणि त्यांच्या परवानगीवाचून कोणाच्या हाती देऊ नयेत.

मोजमापाचा काळ निवडताना मुंबईचे हवामान स्वतःच मदतीला येते. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत नोंदक चालू ठेवले, तर आधी कडक उन्हाचे दिवस मिळतात आणि 11 जूनच्या सुमारास मोसमी पाऊस दाखल झाल्यावर ढगाळ दिवस मिळतात. खोली तीच, भिंती त्याच, पण ऊन जवळजवळ वगळलेले. या दोन काळांतील फरकच छपराचा वाटा वेगळा काढून देतो. मात्र पावसाआधी पत्र्यांवर निळी ताडपत्री अंथरली जाते आणि त्या दिवसापासून छपराचे गुणधर्म बदलतात. ताडपत्रीची तारीख वहीत नसेल, तर दोन वेगळ्या छपरांच्या नोंदी एकत्र मिसळतात आणि सगळे उत्तर फसते.

आकडे जुळवणे

नोंदी हाती आल्या की प्रतिमान साध्या विधानात मांडता येते : पुढच्या तासाचे आतील तापमान म्हणजे आत्ताचे आतील तापमान, बाहेरचे तापमान आणि ऊन, प्रत्येकी एकेका गुणकाने गुणून घेतलेली बेरीज, अधिक घरातील नित्याच्या आवकीची एक स्थिर भर. हे गुणक शोधण्यासाठी न्यूनतम वर्ग पद्धत वापरतात, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल असे गुणक निवडतात. लजांद्र यांनी 1805 साली आणि गाउस यांनी 1809 साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आज कोणत्याही संगणकावरील आकडेतक्त्यात चालते. आतील तापमानाचा गुणक 0.94 आला तर कालांक सुमारे 16 तास, आणि 0.80 आला तर साडेचार तास निघतो. वर घेतलेल्या खोलीच्या भिंती जाड विटांच्या असतील, तर पहिला आकडा अपेक्षित आहे.

जुळणी झाली म्हणजे काम संपत नाही. नोंदींचा एक आठवडा बाजूला ठेवून, त्यावर गुणक न शोधता, केवळ अंदाज करून पाहावा. अंदाज अर्ध्या-पाऊण अंशाच्या आत राहिला तर प्रतिमान विश्वासार्ह मानावे. चुका कशा वाटल्या गेल्या आहेत, हेही पाहावे लागते. खिडकी उघडल्यानंतरच्या तासांत सगळ्या चुका एकाच दिशेला झुकत असतील, तर खोलीत दोन वेगवेगळ्या चाली आहेत असा त्याचा अर्थ होतो : हवा आणि हलके सामान चटकन बदलते, भिंती संथपणे बदलतात. तेव्हा एकाऐवजी दोन धारकतांचे प्रतिमान घ्यावे. त्यापलीकडे आकडे वाढवत नेले, तर प्रतिमान जुन्या नोंदी घोकून पाठ करते आणि नव्या आठवड्यात तोंडघशी पडते.

एक मर्यादा तर मूलभूत स्वरूपाची आहे. केवळ तापमाने मोजली तर कालांक कळतो, पण वहन आणि धारकता स्वतंत्रपणे कळत नाहीत, कारण दोन्ही दुप्पट केल्या तरी त्यांचे गुणोत्तर तेच राहते. ही कोंडी फोडण्यासाठी ठाऊक असलेली उष्णता ठाऊक वेळी खोलीत सोडावी लागते. जानेवारीतील एखाद्या रात्री, रिकाम्या खोलीत, 1000 वॅटचा विजेचा हीटर सहा तास चालवला, तर वरच्या उदाहरणातील खोलीचे तापमान सुमारे तीन अंशांनी चढेल. चढणीचा सुरुवातीचा वेग धारकता सांगतो आणि पुढे तो वेग ज्या प्रमाणात मंदावतो त्यावरून वहन कळते. रात्र निवडण्याचे कारण एवढेच की तेव्हा उन्हाचा हिशोब मध्ये येत नाही.

थंड देशांतील रीत आणि किनाऱ्यावरचे घर

प्रत्यक्ष घरांच्या मोजमापाची ही परंपरा मुख्यतः थंड देशांत वाढली. 1970च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ट्विन रिव्हर्स या वसाहतीतील घरांवर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घ अभ्यास केला. पुढे तेथूनच इंधनाच्या मासिक बिलांची सांगड बाहेरील तापमानाशी घालून घराची गुणवत्ता ठरवण्याची पद्धत 1986 साली मांडली गेली. 2008च्या आयएसओ 13790 या आंतरराष्ट्रीय मानकाने पाच रोध आणि एक धारकता असलेले साधे तासागणिक प्रतिमान रूढ केले. या सर्व कामात प्रश्न घर ऊबदार ठेवण्याचा होता. हिवाळ्यात आत 20 आणि बाहेर 0 अंश असताना वीस अंशांचा फरक मोजायचा असतो, आणि त्यात अर्ध्या अंशाची चूक फारशी जाणवत नाही.

खारदांड्यात आत-बाहेरचा फरक दोन ते सहा अंशांचाच असल्यामुळे तीच अर्ध्या अंशाची चूक उत्तराचा बारावा ते चौथा भाग गिळू शकते. थंड देशांत ज्याला किरकोळ भर मानतात ते ऊन येथे घराला हलवणारे मुख्य बळ असते. म्हणून येथील प्रतिमानात बाहेरच्या हवेइतकीच काळजीपूर्वक उन्हाची नोंद घ्यावी लागते. समुद्रावरून येणारा वाराही हिशोबात धरावा लागतो. तो दुपारी वेळेवर सुरू झाला तर पारा आवरतो, आणि पूर्वेच्या जमिनीवरच्या वाऱ्यांमुळे त्याला उशीर झाला तर मार्चमध्येसुद्धा मुंबई तापते. पण गल्ली अरुंद आणि खिडकी एकाच बाजूला असेल, तर समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तो वारा खोलीत शिरत नाही. दिवसागणिक खिडक्या उघड्या-बंद ठेवून काढलेल्या दोन वहन गुणांकांतील फरक खोलीला वारा किती मिळतो हे थेट सांगतो.

सुखद वाटणे हे केवळ हवेच्या तापमानावर अवलंबून नसते, हेही ध्यानात घ्यावे लागते. साठ अंशांच्या आसपास तापलेला पत्रा खालच्या माणसावर उष्णतेचे प्रारण फेकतो आणि साधा नोंदक ते पुरते पकडत नाही. त्यासाठी काळ्या रंगाने रंगवलेल्या टेबल टेनिसच्या पोकळ चेंडूत संवेदक बसवून गोलक तापमान मोजता येते. पंखा खोलीची हवा थंड करत नाही, उलट आपल्या मोटारीची थोडी उष्णता तिच्यात घालतो, पण घाम सुकवून शरीराला गारवा देतो. दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, म्हणून आर्द्रतेची नोंद तापमानासोबतच वाचावी लागते. 2016च्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्वीकारलेल्या भारतीय प्रतिमानानुसार नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत सुखद तापमान काढण्यासाठी गेल्या काही दिवसांतील बाहेरील सरासरीला 0.54 ने गुणून 12.83 मिळवतात. बाहेरील सरासरी 30 अंश असेल तर हे उत्तर 29 येते आणि त्याच्या वर सुमारे 2.4 अंशांपर्यंत सूट असते. हे सूत्र कार्यालयांतील पाहणीवरून आले असले, तरी खोली महिन्यातील किती तास 31.4 अंशांच्या वर राहिली हे मोजण्यासाठी ती रेघ उपयोगी पडते. मासेमारीचे काम भरती-ओहोटी पाहून चालते आणि त्यात गुंतलेल्यांना दिवसा झोपावे लागते. त्यांच्या बाबतीत हे तास दुपारचे असतील तर सर्वाधिक महत्त्वाचे ठरतात.

प्रतिमानाचा उपयोग

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 साली आणलेल्या इको-निवास संहितेने निवासी इमारतीच्या छपरातून एका अंशाला दर चौरस मीटरमागे 1.2 वॅटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये, अशी मर्यादा घातली आहे. उघडा सिमेंटचा पत्रा तिच्या चौपट उष्णता जाऊ देतो. परंतु ही संहिता 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आखलेली असल्याने कोळीवाड्यातील स्वतः बांधलेली, इंचाइंचाने वाढलेली घरे तिच्या कक्षेबाहेर राहतात. ज्यांना उन्हाचा सर्वाधिक त्रास होतो, त्यांच्याच घरांविषयी नियमांकडे काही सांगण्यासारखे नसते. मोजमापांवरचे सोपे प्रतिमान ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढू शकते, कारण त्याला नकाशाची, बांधकाम परवानगीची किंवा महागड्या सल्लागाराची गरज लागत नाही.

त्याचा पहिला उपयोग क्रम ठरवण्यासाठी होतो. ढगाळ आणि निरभ्र दिवसांतील फरक मोठा निघाला तर पैसा आधी छपरावर खर्च करावा : पांढरा लेप, पत्र्याखाली उष्णतारोधक थर किंवा पत्र्यावर हवा खेळती ठेवणारी सावली. खिडक्या उघड्या असताना आणि बंद असताना कालांक सारखाच येत असेल, तर वारा आत येतच नाही, आणि समोरासमोर दुसरे तोंड काढणे हा पहिला उपाय ठरतो. दोन्ही करून झाल्यावरच वातानुकूलन यंत्राचा विचार करावा, कारण तापलेल्या पत्र्याखाली बसवलेले यंत्र बिलाचा मोठा भाग त्या पत्र्याशी झगडण्यात घालवते.

दुसरा उपयोग उपायाची परीक्षा घेण्याचा आहे, आणि तो अधिक मोलाचा आहे. छपरावर लेप लावल्यानंतरचा उन्हाळा आधीच्या उन्हाळ्यापेक्षा सौम्य असेल तर लेपाला नाहक श्रेय मिळते, आणि तो कडक असेल तर चांगला उपायही वाया गेल्यासारखा वाटतो. प्रतिमान हाताशी असेल तर जुन्या छपराचे घर या वर्षीच्या हवेत आणि उन्हात किती तापले असते हे काढता येते आणि मोजलेल्या तापमानाशी त्याची न्याय्य तुलना होते. चुन्याचा लेप पावसाळ्यात धुपतो, शेवाळ आणि काजळीने काळवंडतो. शोषणांक पुन्हा किती चढला हे दरवर्षी ऑक्टोबरच्या उन्हात आठवडाभर नोंदक ठेवून कळू शकते आणि लेप पुन्हा कधी द्यायचा हे त्यावरून ठरते. वस्तीतील मच्छीमार संस्थेने वा महिला मंडळाने असे थोडे नोंदक घेऊन ते आळीपाळीने घरोघरी फिरवले, तर दोन-तीन उन्हाळ्यांत कोणत्या छपराला कोणता उपाय लागू पडतो याची स्वतःच्या वस्तीतून आलेली माहिती तयार होईल, आणि महानगरपालिकेकडे किंवा शासनाकडे मदत मागताना त्या वस्तीला आपल्या घरांचे मोजलेले आकडे पुढे ठेवता येतील.